हिवाळ्यात बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनमधून पाणी ठिबकतंय? रूफरला बोलवायच्या आधी हे बघा

जानेवारी आला की मला ठरलेला फोन येतो. "वरच्या बाथरूमच्या फॅनमधून पाणी ठिबकतंय रे, छत गळायला लागलंय वाटतं, तुझ्या ओळखीत कोणी रूफर आहे का?" मी शिकागोच्या पश्चिमेला राहतो, इथे नेपरव्हिल-ऑरोरा भागात आपली मराठी घरं बरीच आहेत, आणि स्वतःच्या घरापासून सुरुवात करून आत्तापर्यंत अकरा घरांत मी हेच दुखणं बघितलंय. त्यातल्या नऊ घरांत छत ठणठणीत होतं. वरून पडणारं पाणी हे त्या घरातल्या लोकांच्या अंघोळीची वाफ होती, जी फॅनने वर ढकलली, डक्टमध्ये (फॅनची हवा बाहेर नेणाऱ्या नळीत) गार पडली आणि पाणी होऊन परत खाली आली. एका मित्राने तर हे कळायच्या आधीच छताचा अर्धा भाग नवीन करून घेतला होता आणि पुढच्या हिवाळ्यात थेंब परत सुरू. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

लक्षणं

फॅनच्या जाळीभोवती पिवळट-तपकिरी डाग, चहाचा कप ठेवल्यावर उमटतो तसा. सकाळच्या अंघोळी उरकल्या की थोड्या वेळाने टपटप, आणि बाहेर कडाक्याची थंडी असेल त्या दिवशी जास्त. आरसा वीस मिनिटं झाली तरी धूसर. फॅनच्या आजूबाजूला छताच्या रंगाचे पापुद्रे सुटलेले, कोपऱ्यात काळे ठिपके. फॅन बंद असताना जाळीखाली हात धरला तर वरून गार हवा लागते. वारा सुटला की वर कुठेतरी पत्र्याची खडखड. यातलं सगळं एकाच घरात असेल असं नाही, पण दोन-तीन गोष्टी जुळल्या तर पुढे वाचा.

पाणी कधी गळतं हे किती गळतं याच्यापेक्षा महत्त्वाचं आहे. पाऊस, त्यातही वाऱ्याचा पाऊस पडल्यावरच गळत असेल तर छतावर डक्टच्या तोंडाला असलेल्या टोपीच्या, म्हणजे कॅपच्या, भोवतीचं फ्लॅशिंग (पाणी आत जाऊ नये म्हणून लावलेला पत्रा) खराब असण्याची शक्यता जास्त, ते रूफरचंच काम. कोरड्या थंडीत, अंघोळीनंतर गळत असेल तर डक्टमध्ये पाणी साचतंय. आणि खूप दिवस थंडी पडून एकदम ऊन आलं की गळायला लागत असेल तर ॲटिकमध्ये, म्हणजे छप्पर आणि खोलीचं सीलिंग यांच्यामधल्या पोकळीत, दव गोठून बसलंय आणि ते वितळतंय. 2019 च्या 30 जानेवारीला ओहेअरला उणे 23 फॅरेनहाइट झालं होतं, म्हणजे उणे 31 सेल्सिअसच्या जवळपास, ते आठवत असेल. त्या दिवशी मला एकही फोन आला नाही. चार-पाच दिवसांनी पारा वर चढला आणि एका विकेंडला तीन घरांतून फोन. एका घरी मित्राचे बाबा सांगलीहून आलेले होते, ते बाथरूमच्या दारात उभे राहून म्हणाले, "पाऊस नाही, बर्फ पडत नाही, बाहेर लख्ख ऊन आहे, मग हे पाणी येतंय कुठून?" त्यांनी बरोबर प्रश्न विचारला होता, आधीचे दोन काँट्रॅक्टर तिथपर्यंत पोचलेच नव्हते.

तर फ्रिजवर एक कागद चिकटवा आणि दोन आठवडे लिहून ठेवा: तारीख, बाहेरचं तापमान, पाऊस किंवा बर्फ होता का, अंघोळी किती वाजता झाल्या, थेंब कधी पडले. खर्च शून्य. पुढे कोणालाही बोलवायची वेळ आली तर हा कागद त्याच्या हातात द्या, त्याचा अर्धा दिवस वाचतो आणि तुमचे पैसे.

असं का होतं

घरात 70 फॅरेनहाइट आणि 40 टक्के आर्द्रता असेल तर ती हवा साधारण 45 फॅरेनहाइटपर्यंत गार झाली की पाणी सोडायला लागते. पण गरम पाण्याने अंघोळ झाल्यावर बाथरूममधली हवा जवळजवळ पूर्ण भिजलेली असते, तिला पाणी सोडायला थोडासा गारवा पुरतो. आता ती हवा ॲटिकमधून जाणाऱ्या पातळ, उघड्या डक्टमधून चाललीये आणि ॲटिक 10-15 फॅरेनहाइटला. पाणी होणारच. आणि डक्ट छतातून सरळ वर जात असेल तर ते पाणी परत यायची वाट एकच, फॅनमधून खाली. आपल्याकडे बाथरूमला वर काचेच्या पट्ट्यांची खिडकी असायची, वाफ तिथून निघून जायची, विषय संपला. इथे बरीच बाथरूम घराच्या मधोमध, बाहेरची भिंतच नाही, मग छतातून बाहेर काढणं हाच जवळचा रस्ता उरतो.

आधी फुकटातले उपाय

फॅन किती वेळ चालतो ते बघा. आपल्या घरांमध्ये हे सगळ्यात आधी तपासावं असं माझं ठाम मत आहे, कारण खोलीतून बाहेर पडताना दिवा-पंखा बंद करायचा हे आपल्या हाडात मुरलंय. आई-बाबा आलेले असले की तर हमखास. अंघोळ झाली, दार उघडलं, फॅन बंद. पण डक्टमध्ये नुकतीच शिरलेली वाफ तिथेच अडकते आणि गार पडते. अंघोळीनंतर फॅन निदान 20-30 मिनिटं चालू राहिला पाहिजे, म्हणजे वाफ तर जातेच, वर डक्टही आतून कोरडा होतो. विजेची काळजी असेल तर हिशोब करून बघा: 30 वॅटचा फॅन रोज अर्धा तास म्हणजे महिन्याला अर्धं युनिटसुद्धा होत नाही. बाबांना हा हिशोब सांगितला की पटतो, मी सांगून बघितलंय. नंतर वाटलं तर स्विचच्या जागी टायमर लावून घ्या.

मग टिश्यू पेपर. टॉयलेट पेपरचा एक पातळ पदर फॅन चालू करून जाळीला लावा, चिकटून राहिला पाहिजे. पडला तर हवा खेचली जात नाहीये. आता दार थोडं उघडा आणि परत लावून बघा. दार उघडल्यावर चिकटला आणि बंद असताना पडला तर फॅनला आत यायला हवाच मिळत नाहीये, दाराखाली जाड पायपुसणं किंवा कार्पेट आलंय. दाराखाली पाऊण ते एक इंच फट पाहिजे. जेवढी हवा बाहेर टाकायची तेवढी आत यायलाही पाहिजे.

एक मात्र लक्षात ठेवा, टिश्यू चिकटला म्हणजे सगळं ठीक असा अर्थ काढू नका. डक्ट ॲटिकमध्ये सुटून पडलेला असला तरी टिश्यू चिकटतोच, उलट जास्तच जोरात चिकटतो, कारण पुढे अडथळाच नसतो. मी स्वतः माझ्या घरी इथेच फसलो आणि एक अख्खा हिवाळा सगळी वाफ ॲटिकमध्ये सोडत राहिलो.

पुढचं, घरातली आर्द्रता. दहा-पंधरा डॉलरचं छोटं मीटर मिळतं, ते आणा. कडक थंडीत घरात 30-35 टक्के पुरे. फर्नेसवरचा (घर गरम करणाऱ्या यंत्रावरचा) ह्युमिडिफायर, म्हणजे हवा दमट करणारं उपकरण, 45 टक्क्यांवर ठेवलेला, बाथरूममध्येच टॉवेल आणि कपडे वाळत घातलेले, वर रोज कुकर, अशा घरात फॅन कितीही चांगला असला तरी दव धरणार. बाहेर थंडी वाढेल तसा ह्युमिडिफायर खाली आणायचा, नोव्हेंबरमध्ये लावलेला आकडा जानेवारीला चालत नाही.

थोडा हात घालावा लागेल असं

आता जाळी काढा. ब्रेकर बंद करा, नुसता स्विच नाही, ब्रेकर. जाळी दोन स्प्रिंगच्या तारांवर लटकलेली असते, खाली ओढून तारा चिमटीत दाबल्या की निघते. साबणाच्या पाण्यात धुवा, आतली धूळ व्हॅक्यूमने ओढा. धुळीचा थर फॅनच्या पात्यांवर बसला की हवा कमी जाते, हवा हळू गेली की डक्टमध्ये जास्त वेळ रेंगाळते आणि जास्त गार पडते.

जाळी निघालीच आहे तर आतल्या कडेला जिथून डक्ट सुरू होतो तिथे एक पातळ झडप असते, ती बोटाने ढकलून बघा, सहज उघडून परत पडली पाहिजे. ही झडप बाहेरची गार हवा आत येऊ नये म्हणून असते. फॅक्टरीतून येताना ती हलू नये म्हणून बऱ्याचदा टेपचा तुकडा लावलेला असतो आणि बसवणारा तो काढायला विसरतो. एका घरी तीन वर्षांपूर्वी बसवलेल्या फॅनची ती टेप मी काढली, तोपर्यंत तो फॅन नुसता आवाज करत होता.

त्याच वेळी फॅनचा पत्र्याचा डबा आणि ड्रायवॉल (सीलिंगचा जिप्समचा बोर्ड) यांच्यामधली फट बघा. बऱ्याच घरांत करंगळी जाईल एवढी असते. त्या फटीतून गरम दमट हवा चोवीस तास ॲटिकमध्ये जाते, फॅन चालू असो वा नसो. कॉक (फटी भरायची पेस्ट) किंवा फॉइल टेपने ती बंद करा. वीस मिनिटांचं काम आहे पण फरक खूप पडतो.

मग बाहेर अंगणात जा आणि खालूनच, दुर्बीण असेल तर दुर्बिणीतून, छताकडे बघा. घरात कोणाला तरी फॅन चालू करायला सांगा. बाथरूमच्या कॅपची झडप उचलली जाते का? पक्ष्याच्या घरट्याच्या काड्या बाहेर आल्यात का? बर्फाने कॅप बुजलीये का? बुजली असेल तर वर चढून फावडं मारायला अजिबात जाऊ नका, बर्फ वितळेपर्यंत अंघोळीनंतर बाथरूमचं दार उघडं ठेवा एवढंच. आणि छतावर अशी वेगळी कॅप दिसतच नसेल, नुसते ॲटिकच्या हवेसाठीचे चौकोनी बसके डबेच दिसत असतील, तर तुमचा प्रॉब्लेम बहुतेक सापडला.

ॲटिक

इथे जरा सांभाळून. सकाळच्या थंडीत जा, उन्हाळ्यात दुपारी तिथे उभं राहवत नाही. एन-95 मास्क, लांब बाह्यांचा शर्ट, हातमोजे, डोक्याला लावायचा टॉर्च, आणि घरात कोणाला तरी सांगून जा. पाय फक्त लाकडाच्या जॉइस्टवर (आडव्या तुळयांवर) ठेवायचा. मधल्या इन्सुलेशनखाली (थंडी रोखणाऱ्या थराखाली) फक्त ड्रायवॉल आहे, पाय तिथे पडला तर थेट खालच्या बेडरूममध्ये. प्लायवूडची एक फळी जॉइस्टवर आडवी टाकून तिच्यावर गुडघे टेकून काम केलेलं बरं.

आधी वर छताकडे टॉर्च मारा. शिंगल्सचे (छपरावरच्या पातळ पट्ट्यांचे) खिळे प्लायवूडमधून खाली आलेले असतात, वाफ ॲटिकमध्ये सुटत असेल तर थंडीत प्रत्येक खिळ्याच्या टोकावर पांढऱ्या बर्फाचा मणी दिसतो, शेकडो मणी, टॉर्चच्या उजेडात चमकतात. त्याच भागात प्लायवूड काळपट पडलेलं असतं. हे एकदा बघितलं की परत कोणाला समजवावं लागत नाही.

मग फॅन शोधा आणि डक्ट कुठे जातो ते हाताने चाचपत शेवटपर्यंत जा. मला आत्तापर्यंत जे सापडलं ते असं. डक्ट फॅनच्या तोंडाजवळून सुटलेला, कारण कापडी डक्ट टेप लावली होती आणि ती दोन-तीन वर्षांत सुकून गळून पडते. डक्ट ॲटिकच्या त्या बसक्या डब्याखाली नुसता टेकवून ठेवलेला, कुठे जोडलेलाच नाही, त्यामुळे अर्धी वाफ बाहेर आणि अर्धी आत. डक्ट छताच्या कडेला सॉफिटपाशी (छपराच्या पुढे आलेल्या भागाच्या खालच्या बाजूला) सोडलेला, पण सॉफिटमधून ॲटिकमध्ये हवा आत येत असते, म्हणजे टाकलेली वाफ तिथूनच परत आत. दोन घरांत नवीन छत घातल्यावर रूफरने जुनं भोक नव्या शिंगल्सखाली बुजवूनच टाकलं होतं. म्हणून छत नवीन झाल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात हा त्रास सुरू झाला असेल तर आधी हेच तपासा. इथल्या बांधकामाच्या नियमांप्रमाणे बाथरूमची हवा घराबाहेरच सोडावी लागते, ॲटिकमध्ये सोडलेली चालत नाही, त्यामुळे हे तुम्ही हक्काने दुरुस्त करून मागू शकता.

आणि सगळ्यात जास्त सापडलेलं म्हणजे लोंबकळणारा डक्ट. स्प्रिंगसारखा लवचिक डक्ट गरजेपेक्षा लांब आणून मध्ये झोळीसारखा सोडून दिलेला, त्या झोळीत पाणी. एका घरी मी तो खालून हलकेच उचलला तर आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला आणि पुढच्या क्षणी खालून वहिनींची हाक, "अहो, इथे धार लागली!" साचलेलं पाणी हवेची वाट अडवतं, हवा हळू होते, अजून पाणी साचतं.

दुरुस्ती स्वतः करण्यासारखी आहे. शक्यतो चार इंची पत्र्याचा सरळ पाइप आणि त्यावर इन्सुलेशन, नाहीतर आर-8 चा (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप) इन्सुलेटेड लवचिक डक्ट, पण तो पूर्ण ताणून, जास्तीचा कापून टाकून. वळणं कमीत कमी. जोडाला क्लॅम्प किंवा फॉइल टेप, कापडी टेप नाही. डक्ट कडेच्या भिंतीतून बाहेर जात असेल तर त्याला बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्या म्हणजे पाणी झालंच तर बाहेर पडेल. छतातून सरळ वर जात असेल तर उताराचा उपयोग नाही, तिथे इन्सुलेशन आणि फॅनची ती जास्तीची वीस-तीस मिनिटं हेच औषध. इन्सुलेशनमध्ये फॅनचा डबा पुरायच्या आधी त्याच्यावरचं लेबल वाचा, काही दिवेवाल्या मॉडेल्सना ते चालत नाही.

जुन्या घरात तीन इंची डक्ट असतो. ऐकायला एकच इंच कमी वाटतो, पण आतली जागा चार इंचीच्या जेमतेम 56 टक्के उरते. नवीन जोरदार फॅन आणून तीन इंचीला जोडला तर आवाज वाढतो, हवा नाही. लहान बाथरूमला 50 सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा खेचतो त्याचं माप), त्याहून मोठ्याला दर चौरस फुटामागे 1 सीएफएम एवढा फॅन धरा, आणि फॅनचं तोंड, डक्ट, कॅप तिन्ही एकाच मापाचे ठेवा.

इथे थांबा

ॲटिकमध्ये करड्या-सोनेरी, चमकणाऱ्या खड्यांसारखं इन्सुलेशन दिसलं तर कशालाही हात न लावता खाली या. ते व्हर्मिक्युलाइट असू शकतं. अमेरिकेतलं बरंचसं व्हर्मिक्युलाइट मोंटानातल्या लिबीच्या खाणीतून यायचं, त्यात ॲस्बेस्टॉस होता आणि ती खाण 1990 पर्यंत चालू होती. तपासणी करणाऱ्या माणसाला बोलवा, झाडूही मारू नका.

वायरचं आवरण करपलेलं, जळका वास, फॅनच्या वायरिंगपर्यंत पाणी पोचलेलं असेल तर ब्रेकर बंद ठेवून इलेक्ट्रिशियन. शॉवरच्या बरोब्बर वर फॅन बसवायचा असेल तरीही तोच, कारण तिथे जीएफसीआय (शॉक बसू नये म्हणून झटकन वीज तोडणारं संरक्षण) आणि त्या जागेसाठी चालणारा फॅन लागतो.

काळी बुरशी 10 चौरस फुटांपेक्षा जास्त, म्हणजे साधारण तीन बाय तीनच्या वर पसरली असेल, किंवा प्लायवूड बोटाने दाबल्यावर मऊ लागत असेल तर ते घरी करायचं काम नाही. घरात दम्याचा पेशंट किंवा लहान बाळ असेल तर त्याहून कमी असली तरी मी सांगेन की बाहेरच्या माणसाकडूनच करून घ्या.

टाउनहाउस असेल तर छत बऱ्याचदा असोसिएशनचं असतं, त्यांना फोटोसकट मेल टाका, स्वतः भोक पाडू नका.

आणि छतावर चढायचं काम, मग ते कॅप बदलायचं असो की नवीन भोक पाडायचं, ते रूफरचंच. घर दुमजली, उतार तीव्र, आणि चारशे डॉलर वाचवायला कोणी पाय मोडून घेऊ नये, मला हे अगदी कळकळीने सांगायचंय. शिवाय कडक थंडीत शिंगल्स ठिसूळ होतात, उचलायला गेलं की तुटतात, त्यामुळे कॅपचं काम एप्रिलपर्यंत थांबवलेलं बरं. तोपर्यंत आतून डक्ट ताणून, इन्सुलेट करून, फट बंद करून ठेवलीत तर बहुतेक घरांत थेंब थांबतात.

रूफर आला की त्याच्याशी आधीच बोलून घ्या. कॅप बाथरूमच्या फॅनसाठीचीच हवी, चार इंची, झडप असलेली आणि खाली डक्ट जोडायला गळा असलेली. फ्लॅशिंगची वरची कड शिंगल्सच्या खाली आणि खालची कड शिंगल्सच्या वर, उलटं झालं तर पाणी आत येणार. डक्ट आतून कोण जोडणार ते पैसे ठरवतानाच विचारा, कारण बरेच रूफर ॲटिकमध्ये जात नाहीत आणि मग नवी कोरी कॅप वर, डक्ट खाली, मध्ये वीतभर मोकळी जागा. काम झाल्यावर ॲटिकच्या आतून त्या जोडाचा फोटो मागा, आणि तो फोटो बघूनच शेवटचा चेक द्या.